घोट्याएवढं पाणी

प्रति,
पाण्याचं खातं सांभाळणारे मंत्रिमहोदय,
तुर्कस्तान, सीरिया, इराक, इराण आणि अफगाणिस्तान

अस्सलामु अलैकुम.

मी तुमच्यापैकी कुणाच्याही देशाचा नागरिक नाही. हे पत्र मराठीत लिहितो आहे, कारण पाण्याबद्दल मला जे कळतं ते याच भाषेत कळलं. पाटाच्या अगदी शेवटाला आमचं शेत होतं. पाळीच्या कागदावर आमचं नाव असायचं, वार असायचा, तास असायचे. वडील रात्री दारं धरायला जायचे आणि पहाटे कोरड्या पायांनी परत यायचे. वरच्या अंगाला भिजणं संपलेलं नसायचं. वरचे लोक दुष्ट होते असं मला तेव्हाही वाटलं नाही. पाट वळणावळणाने येतो, आणि शेवटच्या वाफ्यात काय चाललंय ते वरच्याला त्याच्या बांधावरून दिसत नाही.

पुढे फिकहची, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राची, पुस्तकं वाचायला लागलो तेव्हा एका गोष्टीने थांबवलं. इस्लामी कायद्यात पाण्यावरचा जो निवाडा सगळ्यांत जास्त उद्धृत होतो, तो नेमका याच भांडणाचा आहे. वरचा आणि खालचा. तुमच्या फुरातच्या (युफ्रेटिस), दिजलाच्या (टायग्रिस) आणि अफगाणिस्तानातून इराणकडे वाहणाऱ्या हेल्मंदच्या वाटाघाटींची वर्णनं मी वर्षानुवर्षं वाचत आलो आहे. त्यांत या निवाड्याचं नाव कुठे दिसत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. तुमचे पाचही देश इस्लामी सहकार्य संघटनेचे सदस्य आहेत. २०१२ च्या मार्च महिन्यात इस्तंबूलमध्ये या संघटनेच्या जलमंत्र्यांनी पाण्याविषयीचं एक सामाईक धोरणही मंजूर केलं. व्यासपीठावर सगळे एका उम्मतचे, एकाच मुस्लिम समुदायाचे, असतात. मग टेबलावर नकाशे पसरले की कुरआन दाराबाहेर ठेवली जाते. ती आत आणा, एवढंच मला म्हणायचं आहे. भाषणाच्या सुरुवातीच्या आयतीपुरती नव्हे, तर पाणी मोजण्याच्या कामासाठी.

तो निवाडा तुम्हाला ठाऊक असेलच, तरी सांगतो. मदीनेजवळच्या हर्रा नावाच्या काळ्या खडकाळ भागातून पावसाचं पाणी ओघळांनी खाली यायचं आणि खजुरीच्या बागा भिजायच्या. जुबैर इब्न अव्वाम यांची बाग वर, एका अन्सारी, म्हणजे मदीनेच्या मूळ रहिवासी, माणसाची खाली. अन्सारी म्हणाला, पाणी सोड, वाहू दे. जुबैर तयार होईनात. दोघं प्रेषितांकडे (स.) गेले. प्रेषित म्हणाले, ‘जुबैर, तू भिजवून घे, मग पाणी शेजाऱ्याकडे सोड.’ अन्सारी चिडला. म्हणाला, हा तुमच्या आत्याचा मुलगा म्हणून असं का? प्रेषितांच्या चेहऱ्याचा रंग बदलला. ते म्हणाले, ‘जुबैर, भिजव, आणि पाणी बांधाला लागेपर्यंत अडवून धर.’

बुखारी या संग्रहात ही हदीस, म्हणजे प्रेषितांच्या वचन-वर्तनाची नोंद, आहे आणि तिच्या शेवटी निवेदकाने जे सांगितलंय त्यावर मी अनेक रात्री विचार केला आहे. तो सांगतो, की पहिल्या वेळी प्रेषितांनी दोघांना झेपेल अशी तडजोड सुचवली होती. अन्सारीने ती नाकारली तेव्हा त्यांनी जुबैरना त्यांचा पूर्ण हक्क दिला. आणि मग लोकांनी तो बांध मोजला. पाणी बांधाला लागतं म्हणजे किती? घोट्यापर्यंत. महजूर नावाच्या ओढ्याबद्दलही हाच निर्णय आला आहे: वरच्याने घोट्यापर्यंत पाणी धरावं, मग खालच्याकडे सोडावं.

वरच्या देशांनो, या हदीसमध्ये तुमचा हक्क आहे, आणि तो मी लपवत नाही. पहिली पाळी वरच्याची. खालच्या देशांतले काही लेखक हदीसचा हा भाग गिळून टाकतात आणि समान वाटपाबद्दल बोलत राहतात. ते प्रामाणिक नाही. पण पूर्ण हक्क म्हणजे किती, हेही त्याच वाक्यात सांगितलं आहे. प्रेषितांनी जुबैरना सगळं पाणी दिलं नाही. तडजोड मोडली, समोरच्याने पक्षपाताचा आरोप केला, चेहऱ्यावर राग आला, तरी त्या रागातून निघालेल्या निर्णयालाही एक बांध होता. वरच्याचा हक्क आधीचा आहे, आणि मापातला आहे.

आणि माप कसलं? घोटा. तो प्रत्येकाकडे असतो. वरच्याकडेही, खालच्याकडेही. बागेत उतरून कुणीही पाहू शकतो, की पाणी घोट्याच्या वर गेलं का. माप काय आहे ते सांगायला राजाची परवानगी लागत नाही, वजिराची लागत नाही. मला या निवाड्याचा गाभा इथे दिसतो. आज तुमच्या सीमांवरच्या मापनकेंद्रांचे रोजचे आकडे खालच्या शेतकऱ्याला मिळत नाहीत. धरणात किती पाणी आलं, किती सोडलं, हे तो उपग्रहाच्या चित्रांवरून ताडणाऱ्या परक्या संशोधकांकडून ऐकतो. घोटा हा लोकांचा होता. तुम्ही तो खात्याच्या कपाटात ठेवलात.

कुणी म्हणेल, बागांच्या ओघळांचा नियम महानद्यांना कसा लावणार? हा प्रश्न फकिहांनी, म्हणजे इस्लामी कायदेपंडितांनी, हजार वर्षांपूर्वी विचारला होता. बगदादचे न्यायाधीश अल-मावर्दी १०५८ मध्ये वारले. राज्यकारभाराच्या नियमांवरच्या त्यांच्या ग्रंथात नद्यांचे तीन प्रकार आहेत: अल्लाहने वाहवलेल्या मोठ्या नद्या, लहान नैसर्गिक प्रवाह, आणि माणसाने खणलेले कालवे. पहिल्या प्रकाराचं उदाहरण म्हणून त्यांनी कोणती नावं घेतली? दिजला आणि फुरात. घोट्याचं माप सगळीकडे जसंच्या तसं लागू होत नाही, हेही तेच लिहितात. जमीन कशी, पीक कोणतं, ऋतू कोणता, पाणी बारमाही की हंगामी, यांवर ते ठरतं. म्हणजे आकडा बदलेल, पण आकडा असलाच पाहिजे आणि तो कारणांतून आला पाहिजे. त्यांच्याही आधी, हारून अल-रशीदसाठी लिहिलेल्या खराजवरच्या (जमीनमहसुलावरच्या) ग्रंथात काजी अबू युसुफ यांनी स्पष्ट म्हटलं, की दिजला, फुरात आणि तशा प्रत्येक मोठ्या नदीत सगळे मुसलमान भागीदार आहेत. खलिफाला उद्देशून लिहिलेल्या पुस्तकात हे लिहायला धैर्य लागलं असणार.

तुर्कस्तानच्या मंत्रिमहोदयांशी थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण फुरातचं जवळपास नऊ-दशांश पाणी तुमच्या डोंगरांतून येतं. तुमचं राज्य धर्मनिरपेक्ष आहे, हे मला माहीत आहे, आणि शरियत लागू करा असं मी म्हणत नाही. पण मजल्ला ही उस्मानी (ऑटोमन) दिवाणी कायद्याची संहिता तुमच्याच इस्तंबूलमध्ये तयार झाली. अहमद जेवदेत पाशा यांच्या अध्यक्षतेखाली १८६९ ते १८७६ या काळात ती संहिता प्रसिद्ध झाली आणि तिच्या १२३४ व्या कलमात पाणी, गवत आणि आग यांत सगळे लोक भागीदार आहेत असं लिहिलं गेलं. हे प्रेषितांच्या हदीसचंच कलम झालं. उस्मानी राज्य होतं तोवर फुरातच्या उगमापासून बसऱ्यापर्यंत हा एकच कायदा चालत होता. तुम्ही तो १९२६ मध्ये सोडला, सीरियाने १९४९ मध्ये, इराकने १९५१ च्या दिवाणी संहितेने. नदी तीच राहिली, कायद्याचे मात्र तीन तुकडे झाले.

१९९२ मध्ये फुरातवरच्या अतातुर्क धरणाच्या समारंभात तेव्हाचे पंतप्रधान सुलेमान देमिरेल यांनी जे मत मांडलं ते आजही अंकाराची भूमिका म्हणून ऐकायला मिळतं. अरबांच्या तेलात आम्ही वाटा मागत नाही, मग त्यांनी आमच्या पाण्यात का मागावा, असा त्याचा आशय होता. ऐकायला सरळ वाटतं. पण याचं उत्तर सुनन अबू दाऊद या हदीससंग्रहात आहे. अब्यद इब्न हम्माल यांनी प्रेषितांकडे मारिबचं मिठागर मागितलं आणि प्रेषितांनी ते देऊन टाकलं. ते निघाल्यावर कुणीतरी म्हणालं, तुम्ही काय दिलंत ते कळलं का? ते मीठ म्हणजे कधी न आटणारं पाणीच आहे. प्रेषितांनी ते दान परत घेतलं. जे मीठ उघड्यावर आहे, कष्टाशिवाय मिळतं, ते एकाच्या मालकीचं होऊ शकत नाही, हे पटवायला एवढीच उपमा पुरली: ते वाहत्या पाण्यासारखं आहे. म्हणजे पाण्याचं सामाईकपण इतकं गृहीत होतं की त्यावरून खनिजाचा निर्णय झाला. तुम्ही तो क्रम उलटा करता आणि खनिजावरून पाण्याचा निर्णय काढता.

तुमच्या बाजूचंही मी वाचलं आहे. अनातोलियाच्या उंचीवर साठवलेलं पाणी इराकच्या सपाट वाळवंटातल्या थरथार तलावापेक्षा कमी उडून जातं. पूर अडतो, उन्हाळ्यात प्रवाह टिकतो. हा मुद्दा खरा आहे आणि त्याला शोभेसा एक निवाडा इमाम मालिक यांच्या मुवत्ता या संग्रहात आहे. दह्हाक इब्न खलीफा यांना आपल्या रानात पाट न्यायचा होता आणि तो मुहम्मद इब्न मस्लमा यांच्या जमिनीतून जात होता. मुहम्मद नाही म्हणाले. खलीफा उमर यांनी विचारलं, तुझ्या भावाचं भलं तू का अडवतोस? तूही त्यातून आधी आणि शेवटी पाणी घेशील, तुझं नुकसान तर काहीच नाही. तरी ते अडले तेव्हा उमर म्हणाले, ‘अल्लाहची शपथ, पाट जाईलच, मग तो तुझ्या पोटावरून का न्यावा लागेना.’ वरचं धरण दोघांच्या फायद्याचं असेल तर ते दोघांचं म्हणून चालवा. किती साठवायचं आणि केव्हा सोडायचं, या निर्णयात बगदाद आणि दमास्कसचा माणूस शेजारी बसलेला असू द्या. फायदा सामाईक आणि चावी एकाच्या कंबरेला, हे उमर यांना पटलं नसतं.

१९७५ मध्ये काय झालं ते आठवा. तुर्कस्तानचं केबान आणि सीरियाचं तबका ही दोन धरणं एकाच सुमाराला भरत होती. खाली इराकचा प्रवाह घटला. इराक आणि सीरिया यांचं सैन्य सीमेवर आलं आणि सौदी अरेबियाच्या मध्यस्थीने ते परतलं. १९९० च्या जानेवारीत अतातुर्क धरण भरायला फुरात महिनाभर अडवली गेली. आगाऊ सूचना दिली होती, आधी जास्त पाणी सोडलं होतं, असं तुर्कस्तान सांगतो. खालच्या दोघांना तो महिना वेगळाच आठवतो. कागदावर दोन करार आहेत. १९८७ चा तुर्कस्तान-सीरिया करार म्हणतो, की वर्षाच्या सरासरीने सेकंदाला ५०० घनमीटरपेक्षा जास्त पाणी सीमेवर मिळेल. त्यानंतरचा सीरिया-इराक करार म्हणतो, की सीमेवर येईल त्यातलं ५८ टक्के इराकचं, ४२ टक्के सीरियाचं.

या दोन करारांच्या स्वभावात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात ठरीव आकडा आहे, आणि दुष्काळ आला की ठरीव आकडा कोरडा पडतो. दुसऱ्यात वाटा आहे. पाणी कमी आलं तर दोघांचंही कमी होतं, उपास दोघंही करतात. कुरआनमध्ये समूद या प्राचीन लोकांच्या उंटिणीची गोष्ट अनेकदा येते. सूरह शुअरामध्ये त्यांचे प्रेषित सालेह म्हणतात, एका ठरलेल्या दिवशी पाणी तिचं, एका दिवशी तुमचं. सूरह कमरमध्ये अल्लाह म्हणतो, पाणी त्यांच्यात वाटलेलं आहे, प्रत्येकाने आपल्या पाळीला हजर व्हावं. ती मुक्या जनावराची पाळी होती, आणि ती मोडली म्हणून एक सबंध लोक नष्ट झाले. पाळीपत्रक हा शब्द माझ्या वडिलांनी आयुष्यभर वापरला. तो इतका पवित्र असेल, असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आता तहानेकडे येतो, कारण शेतीच्या वाटपाआधी तहानेचा हक्क येतो. फिकहमध्ये त्याला हक्क-उश-शफा म्हणतात: ओठांचा हक्क. शेत भिजवण्याचा हक्क, शिर्ब, वेगळा आणि नंतरचा. खासगी विहिरीचा मालकसुद्धा तहानलेल्याला, त्याच्या जनावराला परत पाठवू शकत नाही. प्रेषितांनी सांगितलं, की कयामतच्या दिवशी अल्लाह ज्या तिघांकडे पाहणार नाही, त्यांत एक तो आहे, ज्याच्याकडे वाटेवर जास्तीचं पाणी होतं आणि त्याने ते प्रवाशाला दिलं नाही. मंत्रिमहोदय, २०१८ च्या उन्हाळ्यात बसऱ्यात नळाला आलेलं पाणी पिऊन किमान १,१८,००० लोक इस्पितळांत गेले, असं ह्यूमन राइट्स वॉचने नोंदवलं. दिजला-फुरातच्या संगमाच्या खाली, शत्त-अल-अरबच्या काठावर, मोठ्या पाण्याच्या शेजारी राहणारी माणसं. वरून प्रवाह घटला, समुद्राचं खारं पाणी आत शिरलं, आणि शहराचा मैला तिथेच साचत राहिला. यात वरच्यांचा वाटा आहे आणि इराकच्या स्वतःच्या बेपर्वाईचाही, आणि दोन्ही मी मोजतो.

हा हक्क फक्त मुसलमानांचा नाही. ‘लोक तीन गोष्टींत भागीदार आहेत’ असाही पाणी, गवत आणि आग यांच्या त्या हदीसचा पाठ आहे. दक्षिण इराकमध्ये मांदियन लोक आहेत, ज्यांचा बाप्तिस्मा वाहत्या नदीतच होतो. साचलेलं पाणी त्यांना चालत नाही. कुरआनने साबिअन म्हणून ज्यांचं नाव घेतलं ते हेच, असं परंपरेत मानलं गेलं आहे. दिजलाचा प्रवाह मंदावला की त्यांच्या धर्माचाच श्वास कोंडतो. आणि दलदलीतले म्हशीवाले? सद्दामने १९९० च्या दशकात त्या दलदली सुकवल्या, २००३ नंतर लोकांनी बांध फोडून पाणी परत आणलं, २०१६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंद केली, आणि त्यानंतरच्या दुष्काळी वर्षांत म्हशी पुन्हा चिखलात मरू लागल्या. त्या जनावरांचे ओठही ओठच आहेत.

फुरातच्या काठावर उभं राहून तहानेबद्दल बोलताना आणखी दोन गोष्टी मनातून जात नाहीत. ६५७ मध्ये सिफ्फीन इथे, आजच्या सीरियातल्या रक्काजवळ, खलिफा अलींविरुद्ध लढणाऱ्या मुआवियांच्या सैन्याने नदीचा घाट अडवला आणि अलींचं सैन्य तहानलं. घाट अलींच्या लोकांनी लढून घेतला. इतिहासकार सांगतात, की मग अलींनी दोन्ही सैन्यांना पाणी भरू दिलं. आणि त्यानंतर तेवीस वर्षांनी करबलाला याच नदीपासून अलींचे पुत्र हुसैन यांचा तळ तोडला गेला, लहान मुलांसकट. मुहर्रममध्ये त्याची आठवण म्हणून अनेक ठिकाणी सबील लागते. तहान भागवण्याचं पाणी कुणीही प्यावं, जात-धर्म न विचारता. शिया असो वा सुन्नी, घाट अडवणाऱ्याच्या बाजूने उभं राहायला कुणी तयार होत नाही. तरी २०१९ च्या ऑक्टोबरनंतर उत्तर सीरियात रास-अल-ऐनजवळच्या अलूक पंपिंग केंद्रातून हसका शहराचा पुरवठा पुन्हा पुन्हा बंद पडला, आणि लाखो लोक टँकरवर जगले. तुर्कस्तानच्या बाजूने म्हटलं, वीज कुर्दी प्रशासनाने तोडली. कुर्दी प्रशासनाने म्हटलं, पंप तुर्कस्तानच्या बाजूने थांबवले. हक्क-उश-शफासमोर हा वाद उभाच राहू शकत नाही. आधी पाणी चालू करा, मग भांडा.

इराण आणि अफगाणिस्तानच्या मंत्र्यांनो, तुमचं प्रकरण मला सगळ्यांत जास्त दुखतं. एक इस्लामी प्रजासत्ताक, दुसरी इस्लामी अमिरात, आणि २७ मे २०२३ रोजी तुमच्या सीमेवर गोळीबार होऊन माणसं मेली. पाण्यावरून धमक्या आणि टोमणे त्याआधीच्या दिवसांतच सुरू झाले होते. आणि तुमच्याकडे तर करार आहे! हेल्मंदवरचा, १९७३ चा. सामान्य वर्षी इराणला सेकंदाला २२ घनमीटर, आणि वर ४ घनमीटर सदिच्छेचे. वर्षाला सुमारे ८२ कोटी घनमीटर. सामान्य वर्ष कोणतं, ते काजाकी धरणाच्या वर देहरावुदच्या मापनकेंद्रावर ठरतं, आणि कमी पाण्याच्या वर्षी वाटाही त्या प्रमाणात कमी होतो. प्रमाणाचं कलम त्यात पन्नास वर्षांपूर्वी लिहिलं गेलं. घोटा तिथे आहे. फक्त एकमेकांना तो पाहू दिला जात नाही. इराण म्हणतो, देहरावुदला आमच्या माणसांना जाऊ द्या. काबूल म्हणतं, दुष्काळ आहे, आमच्याच नीमरोझच्या शेतकऱ्याला पाणी नाही. दोघंही खरं बोलत असतील. पाहिल्याशिवाय कसं कळणार?

इराणचा आणखी एक आरोप आहे, की २०२१ मध्ये सुरू झालेल्या कमाल खान बंधाऱ्यावरून पुराचं पाणी गौद-ए-झिर्रेहच्या खाऱ्या खळग्यात वळवलं जातं. हे घडत असेल तर त्यासाठी हदीस तयार आहे: जास्तीचं पाणी अडवू नका, नाहीतर त्यामुळे चारा अडतो. खाली हामूनच्या सरोवरांत मासे होते, वेत होते, गुरं होती. आता तिथे एकशेवीस दिवसांचा वारा कोरड्या तळाची धूळ उडवतो आणि ती झाबोलच्या घराघरांत जाते. करारात इराणचा जास्तीच्या पाण्यावर दावा नाही, हे खरं. पण करारात हक्क नसणं आणि अल्लाहसमोर जबाबदारी नसणं ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. अफगाणांनी हेही विचारावं, आणि विचारतातही: चार दशकं आमच्या देशात युद्ध चाललं, आम्ही धरणं बांधू शकलो नाही, तेव्हा खाली तुम्ही ठरल्यापेक्षा जास्त वापरत होतात का? हा प्रश्न रास्त आहे. आणि अफगाणिस्तानकडे मीराबची परंपरा आहे. पाणी वापरणारे मिळून आपला पाणीवाटप्या निवडतात आणि त्याला धान्यात मोबदला देतात. काही ठिकाणी तो मुद्दाम शेवटाकडच्या शेतकऱ्यांतून घेतात, कारण त्याच्या रानापर्यंत पाणी पोचलं म्हणजे सगळ्यांना पोचलं. किती साधी युक्ती आहे ही! ज्या देशाच्या खेड्यांना हे सुचलं, त्या देशाच्या सरकारने हेल्मंदच्या शेवटाकडे पाहायला नकार देऊ नये.

तुमच्यापैकी प्रत्येक जण कुठे ना कुठे खालचा आहे, हे मला कुणीच बोलताना दिसत नाही. इराण हेल्मंदवर खालचा आहे आणि न्याय मागतो. सिरवान आणि धाकट्या झाब या नद्यांवर तो वरचा आहे आणि इराकचे शेतकरी त्याच्याकडे तोच न्याय मागतात. तुर्कस्तान फुरातवर वरचा, पण आसी नदी सीरियातून त्याच्या हताय प्रांतात उतरते, तिथे तो खालचा आहे. मध्ये बसलेला सीरिया एका हाताने घेतो, दुसऱ्या हाताने देतो. आपल्या भावासाठी तेच इच्छिल्याशिवाय, जे स्वतःसाठी इच्छितो, कुणी मोमिन (श्रद्धावान) होत नाही. ही हदीस नदीच्या नकाशावर ठेवून वाचली तर ती उपदेश राहत नाही, वाटाघाटीचा नियम होते. जो युक्तिवाद तुम्ही एका नदीवर करता, तोच दुसऱ्या नदीवर तुमच्याविरुद्ध ऐकायला तयार राहा.

आणि इराकने फक्त मागायचं नाही. शेत पाण्याने तुडुंब भरून भिजवायची पद्धत, मीठ धरलेल्या जमिनी, गळके कालवे, निचऱ्याचं पाणी परत नदीत. हा इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, आहे, आणि वाहत्या नदीवर वुजू (नमाजआधीची शुद्धी) करतानासुद्धा इस्राफ नको, ही शिकवण मुसलमान मूल लहानपणी शिकतं. खालच्याने पाणी वाया घालवलं तर वरच्याला न सोडण्याचं निमित्त मिळतं. इराक २०२३ मध्ये सीमापार पाण्याच्या संयुक्त राष्ट्रांच्या युरोपसाठीच्या आर्थिक आयोगाच्या करारात सामील झाला, या भागातला पहिला देश म्हणून. २०२४ च्या एप्रिलमध्ये अंकाराशी दहा वर्षांचा चौकटीचा करारही झाला. ही पावलं मला महत्त्वाची वाटतात. त्यांच्यात आकड्याची जागा अजून रिकामी आहे.

न्यायासाठी वेगळं न्यायालय येईल म्हणून थांबू नका. इस्लामी सहकार्य संघटनेचं आंतरराष्ट्रीय इस्लामी न्यायालय १९८७ मध्ये कागदावर मंजूर झालं आणि पुरेशा देशांनी मान्यता न दिल्याने आजवर बसलेलं नाही. सूरह हुजुरातमध्ये आज्ञा आहे, की मोमिनांचे दोन गट भांडले तर त्यांच्यात न्यायाने समेट घडवा. प्रत्येक नदीसाठी एक लहान बैठक पुरे: दोन्ही बाजूंचे जलमापक, दोन्ही बाजूंचे फकिह, आणि शेवटच्या टोकाचा एक शेतकरी, ज्याच्या पायाखाली पाणी येतं किंवा येत नाही. जलमापकाने सांगावं किती आहे, फकिहाने सांगावं आधी कुणाचं, आणि शेतकऱ्याने सांगावं पोचलं का. ओमानच्या फलज नावाच्या पाटांवर ही व्यवस्था शतकानुशतकं चालली. पाणी आधी पिण्याला, मग मशिदीला आणि धुण्याला, मग बागांना, आणि बागांचा वाटा सूर्याच्या सावलीवरून, रात्री ताऱ्यांवरून मोजायचा. सावली सगळ्यांना दिसते. तारेही.

म्हणून माझी मागणी एकच आहे आणि ती छोटी आहे. येत्या पाणी-वर्षाच्या पहिल्या दिवसापासून जराबुलूसजवळच्या तुर्कस्तान-सीरिया सीमेवर, सीरिया-इराक सीमेवरच्या हुसैबाला, दिजलावरच्या इलिसू धरणाच्या खाली, सिरवानवर आणि देहरावुदला रोज सकाळी किती पाणी होतं तो आकडा जाहीर करा. अरबी, तुर्की, कुर्दी, फारसी, पश्तो, सगळ्या भाषांत. मशिदीच्या फळ्यावर नमाजच्या वेळा लिहितात, त्यांच्याखाली लिहा. नवं धरण भरायचं असेल तर किती दिवस, किती अडवणार, तेही आधी त्याच फळ्यावर.

आणि त्या आकड्याशेजारी दुसरा एक आकडा: तुमचा बांध कुठे आहे. कुठपर्यंत पाणी आलं की तुम्ही म्हणाल, आमचं भिजलं, आता सोडा. प्रेषितांनी जुबैरना तो सांगितला होता. अतातुर्कचा, इलिसूचा, तबकाचा, सिरवानवरच्या दरियान धरणाचा, काजाकीचा आणि कमाल खानचा तो आकडा अजून कुणी उच्चारलेला नाही. मी तुमच्या उत्तराची वाट पाहतो आहे.

वस्सलाम,
पाटाच्या शेवटाचा एक शेतकरीपुत्र